आपल्या गावी न पोचलेल्या डॉक्टरीणबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला बजावले, तेव्हा दरवर्षीप्रमाणे एखाद्या लोणच्याची कृती देऊन मी मोकळी होणार होते. परंतु यंदा लोणचे नको, गुरुवारच्या वर्गाविषयी लिहा, असा त्यांचा आग्रह पडला. ज्यांना तो वर्ग ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगते.

गेली तीन वर्षे दर गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही पंधरावीस जणी मंडळाच्या खोलीत जमतो. पहिला अर्धा तास वर्तमानपत्रातला एखादा उतारा एकेकीने उभे राहून मोठ्याने वाचायचा. शब्दाचा शेवट गिळायचा नाही, वाक्य संपेपर्यंत आवाज खाली येऊ द्यायचा नाही, आणि पदर तोंडापुढे धरायचा नाही. पुढचा तास जेवणाच्या टेबलाचा. दोन टेबले एकमेकांना जोडायची, चहा आणि जे काही कोणी करून आणले असेल ते मांडायचे, आणि पाहुण्यांच्या घरी जेवायला बसलो आहोत असे समजून बोलायचे. नियम तीनच आहेत. शेजारणीला एक तरी प्रश्न विचारायचा. तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यायचे. आणि दुखणी, सुना व भाजीतले मीठ हे तीन विषय काढायचे नाहीत. पहिल्या गुरुवारी या नियमामुळे टेबलावर इतकी शांतता पसरली की कपबशीचा आवाजदेखील मोठा वाटला!

हा वर्ग माझ्या डोक्यातून निघाला, त्याला कारण माझीच एक फजिती. तीसेक वर्षांपूर्वी यजमानांच्या एका वरिष्ठांकडे आम्हांला जेवायचे आमंत्रण होते. टेबलाशी दहाबारा माणसे होती. शेजारच्या बाईंनी अगदी आपुलकीने विचारले की, आपण काय करता? मी मान खाली घालून सांगितले की, मी काही करीत नाही. भगिनींनो, त्या वेळी माझ्या माजघरात शिवणाची चार यंत्रे होती आणि सहा मुली माझ्या हाताखाली शिकत होत्या! दोघींची तर लग्ने त्यांनी स्वतः मिळवलेल्या पैशांतून झाली होती. पण ते सांगायला तोंड उघडले नाही. त्या बाई थोडा वेळ थांबल्या आणि दुसरीकडे वळल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. अन्न चांगले होते, माणसे चांगली होती, कमी पडले होते ते माझ्या तोंडचे एक वाक्य.

मध्यंतरी वर्गातल्या एकीने शंका काढली की, हे सारे मडमांचे अनुकरण तर नव्हे? आपण पाटावर बसून जेवणारी माणसे. आपल्याला टेबलावरच्या बोलण्याचा काय उपयोग? शंका रास्त होती. तिला उत्तर म्हणून मी तीन गुरुवार एका बाईंचे चरित्र सांगितले. तेच येथे लिहून देत आहे. त्या बाई म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या आनंदी गोपाळ या कादंबरीने त्या घरोघर पोचल्या, आणि २०१९ साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. परंतु त्यांच्या आयुष्याची एक गाठ आपल्या कोल्हापुराशी दोनदा बसली, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत नसते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. जन्म पुण्यास, आणि बालपण कल्याणास वडिलांच्या घरी गेले. वडील गणपतराव जोशी यांचे घराणे एके काळी चांगले नांदते, पण तोवर उतरणीला लागलेले. वयाला नऊ वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ३१ मार्च १८७४ रोजी, यमुनेचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी लागले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि नवरीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवू दिले पाहिजे, ही त्यांची लग्नाची अट. त्या काळी हुंड्याची अट घालणारे पुष्कळ. अशी अट घालणारा विरळाच.

गोपाळरावांनी यमुनेची आनंदी केली आणि तिला शिकवू लागले. आधी मराठी, मग संस्कृत आणि इंग्रजी. येथवरची हकिकत आपण भाबडेपणाने सांगतो आणि गोपाळरावांना नमस्कार करून मोकळे होतो. परंतु ते शिक्षण कसे झाले हेही सांगितले पाहिजे. अभ्यासात कसूर झाली की मार बसे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनीच त्याचा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, शिवाय टाकून जाण्याची धमकी. त्या पत्राकडे मी पुन्हा येणार आहे. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की, जी भाषा पुढे या बाईंच्या तोंडी इतकी शोभली, ती त्यांना सुखाने मिळालेली नव्हती.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या तसा संसार अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर असा फिरला. याच काळात, वयाची चौदा वर्षे होण्याच्या सुमारास, त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. नीट औषधोपचार मिळाला असता तर मूल जगले असते, हे शल्य त्यांच्या मनात घर करून राहिले. बायकांना पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगण्याची लाज वाटते, आणि सांगितले नाही म्हणून त्या मरतात, हे त्यांनी पाहिले. डॉक्टर होण्याचा निश्चय येथून उगवला.

आता कोल्हापूरची पहिली गाठ. १८७८ साली गोपाळराव येथे टपाल कचेरीत होते. येथूनच त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे पत्र लिहिले. वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास आले आणि वीस वर्षांहून अधिक काळ येथे राहिले. त्यांच्या नावाचे चर्च आपल्या गावात आजही उभे आहे. पत्राच्या वेळी ते अमेरिकेस परत गेले होते आणि प्रिन्स्टन येथून मिशनकार्याचे एक नियतकालिक काढीत होते. गोपाळरावांचे मागणे असे की, आपल्याला अमेरिकेत काही नोकरी आणि पत्नीला शिक्षण मिळण्याची काही व्यवस्था व्हावी. वाइल्डर यांचे उत्तर धर्मांतराच्या उपदेशाचे होते. गोपाळरावांना ते मान्य होणारे नव्हते, आणि प्रकरण तेथेच मिटायचे. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात, १८७९ च्या जानेवारी अंकात, छापून टाकला.

पुढे जे झाले ते कादंबरीत लिहिले असते तर कोणी खरे मानले नसते. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई दंतवैद्याकडे गेल्या. आपली पाळी येईपर्यंत चाळायला म्हणून तेथे पडलेला तो जुना अंक त्यांनी उचलला. कोल्हापुरातून गेलेले ते पत्र त्यांनी वाचले आणि त्यांना राहवेना. त्यांनी हिंदुस्थानातल्या या अनोळखी मुलीला पत्र घातले. तोवर जोशी मंडळी भूजला गेली होती. तेथे ते पत्र पोचले.

वर्गातल्या त्या शंकेचे पहिले उत्तर या पत्रव्यवहारात आहे. समुद्रापलीकडच्या दोन बायका, एक संसारात मुरलेली, एक पंधरा वर्षांची. एकीने दुसरीला कधी पाहिलेले नाही. त्यांनी एकमेकींना काय लिहिले? आमच्याकडे सण कसे असतात, तुमच्याकडे कसे. आम्ही काय खातो, काय नेसतो, लग्ने कशी होतात, बायकांच्या प्रकृती कशाने बिघडतात. आनंदीबाई त्यांना मावशीच्या नात्याने हाक मारू लागल्या. जेवणाच्या टेबलावरचे चांगले बोलणे म्हणजे याहून निराळे काय असते? आपले सांगावे, दुसऱ्याचे विचारावे, आणि जे आवडत नाही तेही तोडून न बोलता सांगावे. अमेरिकेतले टेबल पाहण्याच्या तीन वर्षे आधीपासून आनंदीबाई या गोष्टीचा सराव कागदावर करीत होत्या. डोळ्यांपुढे माणूस नसताना त्याच्याशी अदबीने बोलणे अधिक अवघड असते, हे पत्रे लिहिणाऱ्या जुन्या पिढीला मी सांगायला नको.

मुंबईत असताना त्या मिशनच्या शाळेत जात. पुस्तके घेऊन रस्त्याने चाललेली बाई पाहून लोक भोवती जमत, टवाळी करीत. ओट्यावर बसलेली चांगली म्हणवणारी माणसे खडे मारायलाही लाजत नसत. कलकत्त्यालाही नवराबायको बरोबर चालली की लोक वळून पाहत. तेथे त्यांची प्रकृतीही बिघडू लागली. पुढे गोपाळराव श्रीरामपूरला आले. ते कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. अमेरिकेस जाण्याचे ठरले ते आनंदीबाईंनी एकटीने जावे असे. ही बातमी फुटली तेव्हा गहजब झाला. ब्राह्मणाची मुलगी समुद्र ओलांडणार, तीही नवऱ्याशिवाय!

अशा वेळी आपण काय केले असते? दार लावून बसलो असतो. आनंदीबाईंनी सभा बोलावली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या. अठरावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर अवकाश होता. भाषण इंग्रजीत केले. लोक मागे जे जे विचारीत होते त्याचे त्यांनी सरळ सहा प्रश्न केले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला कशासाठी जाते? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जाते? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? तेथे काही संकट ओढवले तर काय करशील? आणि आजवर आपल्या जातीच्या स्त्रीने जे केले नाही ते तूच का करावे? उत्तरे देताना त्यांनी कोणाला दूषण दिले नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही, आवाज चढवला नाही. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, येथे असलेले शिक्षण पुरेसे नाही, नवऱ्यावर घरच्या माणसांच्या पोषणाची जबाबदारी आहे म्हणून त्यांना येता येत नाही, आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच राहीन आणि तशीच परत येईन. त्या भाषणाने विरोध संपला असे नव्हे. पण मदतीचे हात पुढे आले, आणि अंगावरचे दागिने विकून जमवलेल्या पैशांत भर पडली.

मी वर्गात हे सांगितले तेव्हा एकीने विचारले की, इतके धीटपण आले कोठून? मला वाटते, धीटपण नंतर आले असावे. आधी ते सहा प्रश्न नीट मांडून घेण्याचे काम झाले. भीती वाटते तेव्हा मनात सगळे प्रश्न एकदम ओरडतात. त्यांना एका रांगेत उभे केले की अर्धी भीती जाते. तेव्हापासून आमच्या वर्गातही उभे राहण्यापूर्वी सांगायचे मुद्दे बोटांवर मोजून घेण्याची पद्धत पडली आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या. हा प्रवास जवळजवळ दोन महिन्यांचा. आपल्यापैकी ज्या शाकाहारी आहेत त्यांनी कल्पना करून पाहावी! आगबोटीच्या टेबलावर तिन्ही त्रिकाळ मांस. आपल्या खाण्याजोगे थोडेच. सोबतच्या बायकांचे जेवणाविषयी आणि धर्माविषयी सांगणे चालूच. आनंदीबाईंनी व्रत मोडले नाही आणि भांडणही केले नाही. नको, एवढे सभ्यपणे म्हणता येणे ही केवढी मोठी विद्या आहे! आपल्याकडे आग्रहापुढे नको म्हणायचे तर पानावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात. त्यांच्याजवळ तर तेवढेही माहेरपण नव्हते.

४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क आले. धक्क्यावर मिसेस कार्पेंटर उभ्या होत्या. रोझेलच्या त्यांच्या घरी आनंदीबाईंचे ते पहिले दिवस गेले, आणि पत्रातली मावशी खरीच मावशी निघाली. नऊवारी साडी, कुंकू, बांगड्या, शाकाहार, सारे जसेच्या तसे ठेवून त्या त्या घरच्या टेबलाशी बसत आणि बोलत. येणारे जाणारे शंभर गोष्टी विचारीत. काही प्रश्न जिज्ञासेचे असत, काही अडाणीपणाचे. उत्तर प्रत्येकाला द्यायचे.

एक प्रसंग मला फार आवडतो. त्याच उन्हाळ्यात आनंदीबाईंनी तेथे आपल्या पद्धतीचे जेवण घातले. स्वयंपाक आपला, बैठक जमिनीवर, आणि हाताने जेवायचे. अमेरिकन बायकांना साड्या नेसवून बसवले. आजवर टेबलाची रीत आनंदीबाई शिकत होत्या. त्या दिवशी यजमान त्या होत्या आणि शिकत होत्या त्या दुसऱ्या. वर्गात ज्या बहिणीने अनुकरणाची शंका काढली होती तिला मी येथे थांबून म्हटले की, पाहा, रीत ही एकाच दिशेने जात नाही. ज्याला आपले सांगता येते त्याला दुसऱ्याचे शिकल्याने कमीपणा येत नाही.

१८८३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. तेथील प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना मायेने जवळ केले. कॉलेजने तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. पण थंडीचे काय? खोलीतली शेगडी धड चालत नसे, धूर होई. नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून त्या अंगभर गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. या गोष्टीवरूनही गोपाळराव पत्रातून बोल लावीत. स्वतःचे स्वतः रांधायचे, अभ्यास करायचा आणि थंडीने खोकत राहायचे. क्षयाचे बीज त्या दिवसांतच अंगात रुजले असावे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवली तर मी प्रामाणिक ठरणार नाही. फिलाडेल्फियात त्यांना बालविवाहावर बोलायला सांगण्यात आले. ऐकणाऱ्या बायकांची अपेक्षा अशी की, नवव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी त्या रूढीवर कोरडे ओढील. आनंदीबाईंनी रूढीचे समर्थन केले! श्रोत्या नाराज झाल्या. आज आपल्यापैकी कोणीही ते समर्थन मान्य करणार नाही. मीही करीत नाही. स्पष्ट आणि सभ्य बोलता आले म्हणजे बोललेले सारे बरोबरच असते असे नाही. पण मी स्वतः सासरी असताना माहेराविषयी कोणी वाकडे बोलले की, मनातून पटत असूनही, मी माहेराचीच बाजू घेत असे. परक्यांच्या टेबलावर एकटी बसलेली मुलगी आपल्या देशाची लाज राखायला निघाली, आणि तसे करताना स्वतः सोसलेलेही तिने झाकले. तिला दोष देताना माझा आवाज खाली येतो.

जे सभेत सांगितले नाही ते त्यांनी जेथे सांगायला हवे तेथे सांगितले. वर ज्या पत्राचा उल्लेख केला ते हेच. आपण केलेले वागणे योग्य होते की नाही याचा पतीने विचार करावा, असे त्यांनी लिहिले. वयाच्या कोणत्या वर्षी काय सोसले ते ओळीने मांडले, आणि लहान पोरीच्या मनावर अशा धाकाचा काय परिणाम होतो ते सांगितले. त्याच पत्रात त्यांनी असेही म्हटले की, हे सारे बरे की वाईट हे ठरवणे कठीण आहे, आणि हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे तोंड उघडण्याचा हक्क कोठे असतो? शिवी नाही, शाप नाही. उपकार नाकारलेले नाहीत आणि मारही विसरलेला नाही. मी हे पत्र पुष्कळदा वाचले आहे. श्रीरामपूरच्या भाषणापेक्षाही मला ते मोठे वाटते. हजार परक्या माणसांपुढे उभे राहणे सोपे असेल, पण ज्याच्या हातचे खाल्ले आणि ज्याच्या हातचे सोसले त्या एकाशी खरे बोलणे, तेही मर्यादा न सोडता, याला फार बळ लागते. ज्याने मारून भाषा शिकवली, त्यालाच ती भाषा शेवटी ऐकावी लागली.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीची एम. डी. ही पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तोवर गोपाळरावही अमेरिकेत आले होते. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. आपले मूल दहा दिवसांत गमावलेली ती पोर बाळंतिणींच्या शास्त्रात पारंगत होऊन उभी होती. वय एकवीस वर्षांच्या आत.

आणि आता कोल्हापूरची दुसरी गाठ. त्याच वर्षी आपल्या दरबाराकडून त्यांना नेमणुकीचे पत्र गेले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून त्यांनी यावे, पगार दरमहा ३०० रुपये, राहण्यास जागा, आणि मुलींना वैद्यकीचे शिक्षणही द्यावे. त्या वेळी शाहू महाराज बारा वर्षांचे होते आणि राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होते. येथला कारभार दिवाणांच्या हाती होता. आठ वर्षांपूर्वी ज्या गावच्या टपालातून एक पत्र अमेरिकेला गेले होते, त्याच गावाने त्या पत्राचे फळ परत मागवले. आनंदीबाईंनी नेमणूक स्वीकारली.

१८८६ च्या ऑक्टोबरात त्या गोपाळरावांसह निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. त्या डॉक्टर होऊन आल्या तशा रोगी होऊनही आल्या. क्षय बळावला होता. लोकांनी कौतुक केले, वर्तमानपत्रांनी गौरव केला. ज्या समाजाने खडे मारले होते त्यातलेच पुष्कळ आता भेटीला येऊ लागले. परंतु प्रकृतीला उतार पडेना. कल्याणहून त्यांना पुण्याला नेले. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता कोल्हापूर लांबतच गेले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना उरला होता. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत त्या मावशीने आपल्या माणसांत तिला जागा दिली.

भगिनींनो, ते आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय म्हणजेच आपले सी.पी.आर., छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. दसरा चौकाकडून जाताना आपण त्याच्यासमोरून रोज येतो जातो. ज्या खुर्चीवर आनंदीबाई बसायच्या होत्या ती रिकामी राहिली, पण फार काळ नाही. पुढे शाहू छत्रपतींच्या काळात याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. त्या रखमाबाई केळवकर यांच्या कन्या. आईने येथल्या मुलींच्या शिक्षणासाठी जन्म वेचला आणि मुलीने बायकांच्या दुखण्यांसाठी. आता तर तेथे स्त्री डॉक्टर कोणाच्या नजरेतही भरत नाहीत, इतक्या आहेत. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आनंदीबाईंचे नाव दिले आहे असे कळते तेव्हा आनंद होतो. पण मला समाधान वाटते ते रुग्णालयाच्या दारातून पांढरा कोट घालून घाईघाईने आत शिरणाऱ्या पोरी पाहून.

आता शेवटचे सांगते आणि थांबते. ज्या बहिणीने अनुकरणाची शंका काढली होती, तीच तिसऱ्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर मागे राहिली. कपबशा विसळता विसळता तिने मला सांगितले की, आठ महिन्यांपासून छातीत एक गाठ लागते आहे. मुलाला सांगता येत नाही, सुनेला सांगावेसे वाटत नाही, आणि डॉक्टरपुढे गेले तर तोंडातून शब्द फुटणार नाही. आनंदीबाईंनी ज्या लाजेवर औषध शोधायला समुद्र ओलांडला, ती लाज सव्वाशेहून अधिक वर्षांनी माझ्यापुढे ओल्या हातांनी उभी होती. डॉक्टरीण आली, पण तिच्याशी बोलायचे कोणी?

आम्ही दोघी पुन्हा टेबलाशी बसलो. मी डॉक्टर झाले. तिने तीन वाक्ये ठरवली. कोठे आहे, केव्हापासून आहे, वाढते आहे की नाही. पहिल्यांदा ती शेवटचा शब्द गिळून गेली. दुसऱ्यांदा पदर तोंडाशी गेला. पाचव्यांदा मात्र तिने तिन्ही वाक्ये माझ्या डोळ्यांत पाहून, खणखणीत, आपल्या कोल्हापुरी बोलीत सांगितली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले, पण दवाखान्यात मला एक शब्दही बोलावा लागला नाही. तपासण्या झाल्या, शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही पार पडले. उशीर झाला होता, पण फार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

परवाच्या गुरुवारी ती परत वर्गाला आली. डोक्याला रुमाल बांधला होता. टेबलाशी बसली आणि शेजारच्या नव्या सभासद बाईंना तिने विचारले की, आपण काय करता? त्या बाई मान खाली घालून म्हणू लागल्या की, मी काही करीत नाही. तिने त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. नियमाचा भंग झाला खरा, परंतु वर्गाची प्रमुख या नात्याने मी तो माफ केला आहे.

दर गुरुवारी, दुपारी चार वाजता. येताना काही करून आणलेच पाहिजे असे नाही.